निशिगंधातली घूस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी सगळं सांगतो — म्हणजे, तिला आधीच कळलेलं असतं ते सगळं. नांदेडातल्या आमच्या कॉलनीत माझ्या फजितीच्या किश्शांना चांगली मागणी आहे. हा एक तेवढा मी अर्धाच सांगतो. अर्ध्यावरच लोक पोट धरून हसतात, मग पुढं कशाला जायचं?

तर — माझा निशिगंध वाळत होता. पात धरली की रोप अलगद हातात. मी म्हणालो, हुमणीची अळी. पावडर टाकली, वर पाणी सोडलं, आठवडाभर ऐटीत फिरलो. मग एका सकाळी वाफ्यात मूठ जाईल एवढं बीळ, तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग, आणि कंद गायब. हुमणी मुळं खाते हो, ती ढीग कशाला घालेल? शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळू नये? घूस होती.

पिंजऱ्यात भजं ठेवलं. सापडली कधी, तर महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी. घरात पाहुणे, पुरण शिजून राहिलेलं. बायको म्हणाली, "अहो, सणाचं मारायचं न्हाई. गणपतीच्या वाहनाची थोरली बहीण हाय ती. विष्णुपुरी धरणाकडं नेऊन सोडा."

मग मी मांजराएवढी घूस स्कूटरवर दोन पायांत घेऊन धरणाकडं कसा गेलो, सोडल्यावर तिनं वळून मला कसा नमस्कार केला — हा माझा हुकमी किस्सा.

धरणाकडं मी गेलोच नाही.

पहिल्याच वळणावर पिंजरा हलला, मी पाय वर घेतले, पडता पडता वाचलो. भूकही लागली होती. मागच्या बोळात शेजारच्या मालनताईंच्या परसाची भिंत — कमरेएवढी. पिंजरा भिंतीवर ठेवला, दार त्यांच्या बाजूला करून उघडलं. धप्प. मग थोडा वेळ पानटपरीवर काढला आणि घरी येऊन पुरणपोळ्या हाणल्या.

मालनताई एकट्याच राहायच्या. दिवाळीनंतर त्यांच्या परसात बिळं दिसू लागली. "भाऊ, तुम्हाला घुशीतलं कळतंय, बघा की जरा." बघितलं. माती ताजी असली तर बीळ चालू, कोळिष्टक असलं तर सोडलेलं — सगळं समजावलं. बिळं दगड-काचांनी बुजवूनही दिली. "पण आली कुठून हो?" मी पलीकडच्या मोकळ्या प्लॉटाकडं बोट दाखवलं. प्लॉटवाला गवत काढायला आला, तेव्हा त्याला सगळ्यांत मोठ्यानं झापणारा मीच.

वरून बिळं बुजली. खालून नळाजवळची फरशी पोकळ होत राहिली. एका सकाळी मालनताई बादली भरायला तिच्यावर उभ्या राहिल्या आणि फरशी खचली. खुबा मोडला. ओरडणं मीच आधी ऐकलं. रिक्षा आणली, दवाखान्यात बसून राहिलो. तिथं काय वाटलं? खरं सांगू — काहीच नाही. हातातला वडा गार आहे, एवढं वाटलं.

ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. मुलगा त्यांना लातूरला घेऊन गेला. घराला कुलूप.

मध्यंतरी एका लग्नाला लातूरला गेलो, तेव्हा त्यांना भेटून आलो. खाटेवर होत्या. सुनेला म्हणाल्या, "हे भाऊ होते म्हणून वाचले बघ मी. त्या प्लॉटवाल्या मुडद्यानं घात केला माझा. चहा टाक यांना, साखर जरा जास्तीची."

सून आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. बोलायला तेवढा वेळ पुरला असता — दोन वाक्यं तर होती.

"हाव," मी म्हणालो, "लई बेजबाबदार माणूस तो."

चहा आला. प्यालो. मग अर्धा कप अजून मागून घेतला.