आधी पातेलं ठेवा

सकाळी आमच्या इमारतीत टँकर आला. पाण्याला तोच औषधाचा वास होता, अन् मला करमाडजवळचं आमचं जुनं घर आठवलं. शहर वाढत तिथवर आलं, घर गेलं, पाणी मात्र अजून टँकरचंच.

तिथल्या एका दुष्काळी उन्हाळ्यात बायको तापानं अंथरुणाला खिळली होती. घरात तिच्यापुरतंच प्यायचं पाणी उरलं होतं. लेक मंगल शाळेतून आली ती सांगतच, "अण्णा, भरल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा केला, तरी पाणी पडत नाय."

"पडणार," मी म्हणालो. शाळा मी दुसरीतच सोडली, पण पाणी खाली पडतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

अंथरुणातून बायको ओरडली, "आधी खाली पातेलं ठेवा, मग बापलेक भांडा!"

मंगलनं त्याच पाण्यानं पेला भरला, पुठ्ठा ठेवून उलटा केला अन् पुठ्ठ्याखालचा हात काढला. पाणी जागचं हललं नाही.

"हवा खालून दाबती, अण्णा."

"हवा दिसती का तुला? पुठ्ठा ओला होऊन चिकटलाय."

"तुझे अण्णा हरले, पण मानायचे नाय," म्हणत बायको लई हसली. मग तेच पाणी आम्ही तिला पाजलं. पावसाच्या आधीच ती गेली.

मंगल आता लांब, तिच्या संसारात. आज मी पेला भरला, वर जाड लग्नपत्रिका ठेवली अन् उलटा केला. पाणी राहिलं.

"हवाच धरून ठेवती. मानलं," मी मोठ्यानं म्हणालो.

मग पेला सरळ करायला गेलो अन् सगळं पाणी फरशीवर सांडलं. पातेलं ठेवायचं राहून गेलं होतं, अन् ओरडायला घरात कुणी नव्हतं.