काशीचा धोतरा

अंबरनाथच्या देवळाबाहेर काशी बेल आणि धोतरा विकायची. तोंडाची फटकळ. "भोळा म्हादेव इख पचवतो, तुमी-आमी नाय," असं दर गिऱ्हाइकाला बजावायची. त्या श्रावणी सोमवारी नेमकं चेतीबाईलाच बजावायचं राहिलं. गर्दी होती, दुसरं काय.

चेतीबाई निर्वासितांच्या कॅम्प पाचमधली सिंधी विधवा. फाळणीत कराचीच्या बंदरावर तिची लेक लाजी हातातून सुटली, ती सुटलीच. पुजाऱ्याने वाहिलेलं धोतऱ्याचं फळ बेलपानांसकट तिच्या ओंजळीत परत घातलं. प्रसाद टाकायचा नसतो, एवढंच बिचारीला ठाऊक. पायरीवर बसून तिने काटेरी फळ फोडलं आणि बिया चावून खाल्ल्या.

थोड्याच वेळात घशाला कोरड पडली, तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. हवेतले नसलेले धागे वेचायला लागली. काशीने ते पाहिलं. आता हिनेच धोतरा चारला म्हणून लोक बोट दाखवणार! पळून जावं असं वाटलंही तिला. पण मेलीचं काळीज कुठलं तसलं? चेतीबाईला कवेत धरून तिने दवाखाना गाठला.

डॉक्टर चिंतामणी रागावले नाहीत. म्हणाले, "पूर्वी ठग हाच वाटसरूंच्या जेवणात घालायचे. जीव घ्यायला नव्हे, भान घालवायला. ह्यातलंच अ‍ॅट्रोपीन आम्ही डोळे तपासताना थेंबभर घालतो. अंगात जास्त गेलं की माणसाला नाही ते दिसतं. परदेशातल्या फौजाही शत्रूला भ्रमात पाडायला असलं काही शोधत असतात म्हणे. उतरेपर्यंत हिच्याजवळ बस."

चेतीबाईने काशीचा हात घट्ट धरला. "लाजी, आ गई तू?"

काशीला खरं सांगवेना. "हां अम्मा," ती म्हणाली.

मग धोतरा उतरेपर्यंत काशी लाजी होऊन राहिली. अंबाडा सोडून चेतीबाईकडून केस विंचरून घेतले, न कळणाऱ्या भाषेतली अंगाई ऐकली. तिची स्वतःची आई ती रांगती असतानाच गेलेली. सुख वाटलं तिला, आणि त्या सुखाचं वाईटही वाटलं.

शुद्धीवर आल्यावर चेतीबाईने "काशीबाई" अशी हाक मारली. काशी बाहेर जाऊन रडली.

पुढच्या सोमवारी चेतीबाई टोपलीपुढे हजर. "एक फल दे. भगवान के लिए नहीं. मेरे लिए. लाजी आली होती."

काशीने टोपलीतली सगळी फळं उचलून वालधुनी नदीत भिरकावली. "फळ नाय भेटायचं," ती भांडल्यासारखं म्हणाली.

मग पायरीवर पाठमोरी बसली आणि तिने अंबाडा सोडला.

"विंचर, अम्मा."