शेजाऱ्यांनी मागे ठेवलेला कुत्रा

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला पनवेलच्या आमच्या शेजारघराचा ओटा आठवतो. तिथे आईची मैत्रीण राहायची. पन्नासच्या दशकात तिचं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातलं ज्यू, कुटुंब बोटीने कायमचं इस्रायलला गेलं आणि त्यांचा कुत्रा आमच्याकडे सोपवून गेलं. तो मात्र त्या बंद घराच्या ओट्यावरून हलेना. वडील साखळी घेऊन आले. "ओढून आणल्याशिवाय शिकायचा नाही हा," ते म्हणाले. आईने त्यांच्या हातातली साखळी काढून घेतली. "आज त्याने नुसतं खाल्लं तरी पुष्कळ झालं. बाकीचं शिकेल सावकाश." रोज दुपारी ती बोंबील कुस्करलेली भाकरी घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसे. आधी तो तिची पाठ वळल्यावरच खाई, मग तिच्यादेखत, मग तिच्या हातून. पावसाळा सरला, थंडी पडली. एका दुपारी तो आपणहून तिच्या मागोमाग आमच्या घरात आला आणि चुलीपाशी अंग टाकून झोपला. आम्ही मुलं आनंदाने ओरडलो. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. "आता तिची वाट बघणारी मी एकटीच उरले," ती म्हणाली. मैत्रीण परत कधी आली नाही. आज मी आईच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, तरी तिला तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.