रमीबाईच्या हाताचं यश

रमीबाईच्या हाताला यश आहे, असं सगळा खांडबारा म्हणायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरीवर आंबा ठेवल्याशिवाय आमच्याकडे नवा आंबा कुणी तोंडाला लावत नाही, आणि तो गावचा पहिला आंबा रमीनंच तोडायचा. आंब्याचे व्यापारी उमेदमल शेठसुद्धा तिनं भरलेली करंडी आधी सुरतेच्या गाडीत चढवायचे, मग बाकीच्या. मला मेलं ते बघवायचं नाही. मी पारुबाई, तिच्या शेजारची. माझे हात काय केळीच्या सोपटाचे होते?

रमी तशी साधी. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही, दारात एक रायवळ आंबा. प्रत्येक बागेत पहिली तोड तिची, म्हणून हंगामभर तिलाच बोलावणं, आणि त्यावरच वर्षाचं पोट. तो मान गेला की ती उपाशी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चौतीस सालच्या आखाजीला तिनं आंबा तोडला आणि चौथ्या दिवशी लिंबाएवढ्या गारा पडल्या. एक बाग धड राहिली नाही. माणसं पारावर डोक्याला हात लावून बसली होती. मीच बोलले, "रमीना हातनं यश गयं, भाऊ." बास, तेवढं पुरलं. भिकन पाटलांनी ठरवलं, रमीनं यापुढे आंब्याला हात लावायचा नाही, दारातल्यासुद्धा नाही. मोहोर आला की तिचा उजवा हात तरटात घालून मनगटाशी शिवायचा, तोड संपेपर्यंत.

पुढच्या वर्षी मोहोर आला. तोवर रमी कुणाकुणाच्या दारी शिळंपाकं मागून नुसती काटकी झाली होती. शिवायला मला बोलावलं.

"पारु, ढिलं शिव व माय," ती म्हणाली, "माले खाता येवाव नही."

मी आणखी दोन टाके घातले. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.

त्या आखाजीला पहिला आंबा मी तोडला. उमेदमल शेठनी मला नवं लुगडं दिलं. आणि सहाव्या दिवशी, देवा रे, पुन्हा गारा! मी पारावर गेले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी हात पदराखाली घेतला.

"रमीनी तरट उसवं व्हई!" मी ओरडले. "चोरीसन आंबा तोडा व्हई!"

माणसं उठली. मी त्यांच्या पुढे धावत सुटले.

रमी तिच्या आंब्याखाली पडली होती. अंग थंडगार. कधीची गेली कोण जाणे. डोक्यावर हाताला येतील असे आंबे लोंबत होते, गारांनी पडलेले अंगाभोवती. एकालाही दात लागलेला नव्हता. तरट होतं तसंच होतं, माझे टाके एकूण एक जागच्या जागी.

बांधापलीकडे माणसांचे आवाज आले. मी खाली बसले, दातांनी दोरा तोडला, तरट ओढून काढलं आणि तिच्या मुठीत एक आंबा कोंबला. बोटं वळेनात, तेव्हा मोडून वळवली.

"देखा!" म्हणत भिकन पाटील थुंकले. तिला खांदा द्यायला कुणी पुढे झालं नाही.

याला आता बारा वर्षं झाली. पुढं दोनदा गारा पडल्या. लोक म्हणतात, रमीची करणी. पहिला आंबा अजून मीच तोडते.