नववा सोमवार

"दिवसभर उपाशी बायकांवर वाचत बसतेस, आणि तुला एक सोमवार पाळता येत नाही?" सुरेशने ऑफिसचा डबा ओट्यावर आपटला.

चूक आपली, हे प्रमोदिनीने तीनदा कबूल केलं होतं. शुक्रवार-शनिवार सुट्टी झाल्यापासून सौदीतल्या अल-खोबरमध्ये आठवडा रविवारी सुरू होई. रविवारी पहाटे डबा भरता भरता तिच्या डोक्यात त्याचाच सोमवार झाला. सुरेशची नोकरी टिकावी म्हणून धरलेल्या सोळांपैकी नववा सोमवार तिने रविवारी पाळला आणि खऱ्या सोमवारी दुपारी पोटभर आमटीभात जेवली. आज, गुरुवारी, सुरेशला कंपनीचं पत्र मिळालं. त्याच्या जागी सौदी माणूस येणार होता. सौदीकरणापायी या इमारतीतली निम्मी घरं रिकामी झाली होती, पण या घरात दोष आमटीभातावर आला.

नाशिकहून सासूबाईंनी फोनवरून फर्मावलं, पहिल्यापासून सोळा धर, तेही निर्जळी, आणि आधी ती पुस्तकं बंद कर. दहावीतली रेवा "पप्पा, दॅट्स नॉट फेअर" म्हणाली, तर तिला खोलीत पिटाळलं.

पुस्तकं म्हणजे प्रमोदिनीचा प्रबंध. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे निवासाच्या परवान्यावर, आलेल्या बाईला नोकरीची परवानगी नव्हती. मग सहा वर्षं जेवणाच्या टेबलावर ती इजिप्तच्या वाळवंटातल्या, सोळाशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती तपस्विनींवर लिहीत राहिली. कुणी लग्न नाकारलं होतं. कुणी बापाची दौलत वाटून, केस कापून, आंधळ्या बहिणीसह थडग्यात राहायला गेली होती. लोक त्यांना अम्मा म्हणत. उपासाचा अतिरेक करणाऱ्या पोरींना त्या अम्माच रागे भरत. शेवटचं प्रकरण महिन्याभरात पुण्याला विद्यापीठात पोचायला हवं होतं, नाहीतर नोंदणी रद्द.

"त्या स्वतःसाठी उपाशी राहिल्या," ती म्हणाली. "नवऱ्याची नोकरी टिकवायला कुणी त्यांना बसवलं नव्हतं."

"मग जा की वाळवंटात. दाराबाहेरच आहे."

"नोकरी तुमची. तुम्ही एक तरी उपास धरलात? त्याच सोमवारी ऑफिसात कोंबडीचा कब्सा हाणून आलात, आणि वर मला त्याची चव सांगत होतात."

सुरेश पुटपुटला, आईला आता काय सांगायचं. फोन चालूच होता. पलीकडे सासूबाई खोकल्या.

प्रमोदिनीने रेवाला बाहेर बोलावलं आणि फोन हातात घेतला.

"आई, तुम्हीही ऐका. सोमवार बंद. आता एकही धरणार नाही. महिनाभर मी लिहिणार आहे. स्वयंपाक हे करतील. यांना आता वेळ आहे."