पाहुणे उन्हात टाकले

पांढरकवड्याच्या आमच्या घरात जेवढे म्हणून किडे होते, त्या प्रत्येकासाठी कोणीतरी जबाबदार माणूस ठरलेला होता. डास नगरपालिकेचे. झुरळं मागच्या नालीतली, म्हणजे तीही नगरपालिकेचीच. वाळवी ठेकेदाराची, कारण दाराच्या चौकटीला त्यानं कच्चं लाकूड लावलं होतं. मुंग्या तर कौतुकाच्याच. भरल्या घरातच त्या येतात, असं आई म्हणायची आणि साखरेचा डबा पाण्याच्या परातीत उभा करायची. पाल दिवाळीत दिसली तर हळदकुंकू, एरवी झाडू. कूलरच्या टाकीत वळवळणाऱ्या अळ्यांना बाबा 'उमेदवार' म्हणायचे, कारण पुढे त्यांचे डास होणार हे नक्की असायचं.

या सगळ्यांविषयी चारचौघांत बोलता यायचं. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, कुठेही. ढेकणाचं मात्र तसं नाही. ढेकूण ज्याचा त्याचा. घरात ढेकूण झाले म्हणजे घरची बाई आळशी, हे आमच्याकडे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत तरी सगळ्यांना पाठ असतं. घरच्या पुरुषाविषयी ढेकूण काहीच सांगत नाहीत, हे विशेष.

म्हणून आमच्या घरात 'ढेकूण' या शब्दाला बंदी होती. मी लहान असताना बाबांच्या तहसील कचेरीतले साहेब एकदा चहाला आले आणि मी त्यांना हातावर उठलेली गांधी दाखवून, "मले ढेकून चावला, तुमाले नाही चावला का?" असं विचारलं. साहेब चहा अर्धा ठेवून गेले. आईनं त्याच दिवशी फर्मान काढलं. यापुढे ढेकूण म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. शब्द इतका चपखल होता की आम्हाला सवय करावीच लागली नाही. कधी आले ते कळत नाही, जायचं नाव काढत नाहीत आणि जेवतात आपल्याच जिवावर. बाबा सकाळी पाठ खाजवत म्हणायचे, "आज पाहुण्यांचा मुक्काम माह्याकडेच होता." त्यांचं ठाम मत होतं की पाहुणे एस्टीच्या सीटमधून येतात. आईचं मत होतं की ते बाबांच्या कचेरीतल्या खुर्चीतून येतात. या एका विषयावर ते दोघं आयुष्यभर बोलू शकले.

एका माणसापासून मात्र हे गुपित लपवणं शक्यच नव्हतं. आमचं घर आणि शेजारच्या चाचीचं घर मिळून एकच बांधकाम होतं. घरमालकानं मध्ये एक भिंत घालून त्याची दोन घरं केली होती, पण भिंत टिनाच्या छतापर्यंत नेलीच नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती. तिथून चाचीकडच्या बिर्याणीचा वास आमच्याकडे यायचा, आमच्या आरतीचा आवाज तिकडे जायचा आणि पाहुणे दोन्हीकडे ये-जा करायचे. चाचांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. चाची दिवसभर घरी. आई आणि ती एकमेकींना 'भाभी' म्हणायच्या आणि समोरासमोर येऊन बोलण्यापेक्षा भिंतीवरूनच जास्त बोलायच्या.

आम्ही औषध मारलं की पाहुणे तिकडे, त्यांनी मारलं की इकडे. सुरुवातीला यावरून दोघींचं चांगलंच वाजलं होतं. मग दोघींनी मिळून शक्कल काढली की मोहीम एकाच दिवशी करायची. गाद्या एकाच दिवशी अंगणात, दिवाण-पलंग एकाच दिवशी उन्हात. हाक आधी चाचीची यायची, "भाभी, पाहुणे उन्हात टाकले का वो?" आणि आई इकडून ओरडायची, "टाकले! तुमी बी टाका!" रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला आमच्या गल्लीच्या आदरातिथ्याविषयी काय वाटत असेल, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

ताई वणीला दिली होती. तिच्या सासूबाई म्हणजे साक्षात स्वच्छता. वणीत कोळशाची धूळ असते, पडद्यावर, पापडांवर, देवघरातल्या देवांवर सुद्धा. त्या धुळीशी झगडता झगडता त्यांचा हात असा झाला होता की दुसऱ्याच्या घरात बसल्या तरी पदराचं टोक खुर्चीच्या हातावरून फिरायचं. आमच्याकडे आल्या की त्या कधी काही बोलायच्या नाहीत. फक्त पदराचं टोक बघायच्या. आईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

ताईला दिवस गेले आणि आई एकदम वेगळीच बाई झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या मनानं ताईच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. डिंक, खारका, मऊ धुवट लुगड्याच्या दुपट्यांची चळत, सगळं जमवायला लागली. लग्न झाल्यापासून ताई आमच्याकडे पुरती अशी राहिलीच नव्हती. सणाला यायची आणि सणाबरोबर परत. आई मला म्हणायची, "एकदा येऊ दे तिले. एकदा माह्या हातानं तिचं सारं करू दे." यापलीकडे तिला त्या वर्षी काही नको होतं, आणि हे ती दिवसातून इतक्या वेळा बोलायची की मीच वैतागून जायचे.

मग वणीहून फोन आला. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपन इथंच करावं म्हनतो. तिकडं डास लई, घर बी जुनं. तरी एकदा येऊन पाहून जातो, मंग सांगतो."

त्या फोननंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला साफसफाई म्हणणं म्हणजे अपमानच. उन्हाळा तापला होता, आणि उन्हाच्या बाबतीत आमचा जिल्हा कोणाला हार जात नाही. गाद्या, उशा, गोधड्या, बाबांच्या फायली ठेवायचं लाकडी कपाट, सगळं अंगणात आलं. दिवाणाच्या प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी. राशनचं राकेल मिळायचं कधीच बंद झालेलं, म्हणून चाचांनी गॅरेजमधून बाटलीभर डिझेल पाठवलं. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर असा केला की पाहुण्यांच्या आधी बाबाच घराबाहेर पडले. चाचीनंही तिकडे तेवढीच धामधूम केली. मूल तर आमच्याच घरात येणार होतं, पण ती म्हणाली, "पोरगी माही बी हाय ना!" आणि भिंतीपलीकडे पलंग धडाधड आपटू लागली.

सासूबाई आल्या त्या दिवशी आईचा बेत साधा होता. त्यांना नव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं. प्लास्टिकला फटी नसतात. सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, "गुडघे दुखते बाई, पाय वर घेऊन बसतो," म्हणाल्या आणि थेट दिवाणावर मांडी घालून बसल्या. आईचा चेहरा मी पाहिला. त्यानंतरचा सगळा वेळ ती सासूबाईंशी बोलत होती, पण पाहत होती दिवाणाच्या कडेकडे.

सगळं छान चाललं होतं. पदराचं टोक दिवाणाच्या कठड्यावरून फिरलं, पांढरंच राहिलं. चिवडा झाला, चहा आला. सासूबाईंनी घर डोळ्यांखालून घातलं, मोरी पाहिली, मच्छरदाणी हातानं ओढून पाहिली. शेवटी पुन्हा दिवाणावर येऊन बसल्या आणि बशी खाली ठेवून म्हणाल्या, "तशी तयारी बरी दिसते तुमची. मी म्हनतो, सातव्यात ओटी भरून..."

आणि तेवढ्यात भिंतीवरून हाक आली.

"भाभी! पाहुणे गेले का वो?"

आई खोकली. मोठ्यानं खोकली. चाची नुकतीच अंगणातून आत आली होती, आमच्याकडे कोण बसलंय हे तिला ठाऊक नव्हतं; ऐकू गेलं नाही असं वाटून तिनं आवाज चढवला. "माह्याकडं तर पुन्हा घुसले! मी एकेकाले धरून उकळतं पानी टाकलं! तुमी बी दया नका करू! त्या दिवाणात पाहा, तिथंच बसून राह्यते साले रगत पिऊन!"

सासूबाई दिवाणावर, हातात कप. कप तिथेच थांबला. बाबांनी वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत उचललं, आणि मी शपथेवर सांगते, ते उलटं होतं. मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेले आणि तिथून ऐकत राहिले.

"कोन आहे ही बाई?" सासूबाई म्हणाल्या.

"शेजारी टीव्ही चालू असते," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. संसारात त्यांनी आईला केलेली ही सगळ्यात मोठी मदत असावी.

"टीव्हीले दिवाण कसा ठाऊक?" सासूबाईंनी पाय खाली सोडले. आवाज थंड झाला होता. "मी पाहुणीच आहे ना तुमच्या घरची? असा शेजार असल्यावर माही सून इथं कशी पाठवू, सांगा बरं? बाळंतीण घरात अन् अशी बाई भिंतीपलीकडं."

माझं हसू तिथेच गेलं. आईला आता फक्त मान हलवायची होती. 'शेजार तसाच आहे, पण त्या बाईले बाळंतिणीजवळ फिरकू देणार नाही,' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. सासूबाई ते मानायला अर्ध्या तयारच होत्या. घरावरचा डाग भिंतीपलीकडे गेला असता, दिवाण स्वच्छ राहिला असता, आणि ताई आली असती. निदान आईला तरी तसं वाटलं असणार. मला वाटलं, ती म्हणेल. खरं सांगायचं तर मीही तेच म्हटलं असतं.

आईनं पदर खोचला. "शेजार लई चांगला आहे, इहीणबाई," ती म्हणाली. "आमच्या घरात ढेकणं आहेत. त्याले आम्ही पाहुणे म्हणतो. भाभी त्याच पाहुण्याले मारून राह्यल्या, तुमाले नाही. तुमी बसल्या त्या दिवाणात बी असतीन एखादे."

इतक्या वर्षांत तो शब्द त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला. आई तशीच उभी होती. 

 सासूबाई उठून दिवाणाकडे वळल्या, वाकल्या, गादीचं टोक उचलून सांधा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग गादी नीट केली आणि विचारलं, "उकळत्या पान्यानं मरते?"

"मरते ना."

"माह्याकडं तर नाही मरत," सासूबाई म्हणाल्या. "मी पावडर टाकली, तुरटी टाकली. सागवानी पलंग आहे सासूबाईच्या वेळचा, त्याच्यातून निघतच नाही. तुमच्या पोरीले आल्या आल्या बजावलं होतं, माहेरी सांगजो नको म्हनून. आमच्याकडं भाडेकरू म्हनते त्यायले."

ताईनं हे आईला खरंच कधी सांगितलं नव्हतं. सासर-माहेरची अब्रू राखता राखता ती बिचारी दोन्ही घरी खाजवत होती.

मग त्या दोघी दिवाणावर शेजारी बसल्या. सासूबाई वर पाहत भिंतीला म्हणाल्या, "अवो बाई, पान्यात मीठ टाकता का?" आणि भिंतीनं सविस्तर उत्तर दिलं. ओटीभरणाचा विषय पुन्हा निघालासुद्धा नाही. निघताना सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "सातव्यात धाडतो," आणि डिझेलची उरलेली बाटली पिशवीत घालून घेऊन गेल्या.

ताई आली. आईला जे जे करायचं होतं ते सगळं तिनं केलं. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे राहिले, पाळणा लोखंडी पाइपाला टांगला. मुलगी झाली. चाची भिंतीवरून तिला रोज नवी अंगाई ऐकवायची, तीत शब्द कमी आणि आवाजच जास्त. आई ज्याला त्याला सांगायची की पाहुण्यांनी नातीला एकदाही हात लावला नाही. तिच्या बोलण्यात पाहुण्यांविषयी थोडा अभिमानच असायचा.

मग एक दिवस जावई गाडी घेऊन आले. आईनं ताईची बॅग आधी उन्हात उघडी ठेवली, शिवण न् शिवण तपासली, मग भरली. गाडी वळेपर्यंत हसत हात हलवला. आत आली आणि पाळणा सोडायला लागली. गाठ सुटेना. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे. माही मी सोडतो."

संध्याकाळी वणीहून फोन. सासूबाईंना आता आमचा शब्द फार आवडला होता. त्या हसत म्हणाल्या, "इहीणबाई, तुमचे पाहुणे पोचले बरं का सुखरूप!" आम्ही सगळे हसलो. त्या ढेकणांना पाहुणे म्हणाल्या की ताईला, ते आम्हाला कळलं नाही, आणि त्यातच गंमत होती. आईही "बरं झालं, बरं झालं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि मग ती हसली नाही. पाळण्याचं कापड मांडीवर घेऊन दिवाणावर बसून राहिली. लग्न झालेली पोर माहेरी पाहुणी असते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण तो शब्द आमच्या घरात तिनंच आणला होता, आणि तो तिच्याच पोरीला जाऊन चिकटला.

तेवढ्यात भिंतीवरून नेहमीची हाक आली. "भाभी, पाहुणे हायेत का गेले वो?"

आईनं वर पाहिलं. "पाहुणे गेले, भाभी," ती म्हणाली. "ढेकणं आहेत."