खोडदहून आणलेला व्हिडिओ गेम

शिवाजीनगरच्या स्टँडवर नारायणगावची गाडी लागली तेव्हा माझ्याजवळ एक रिकामी पिशवी, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जुना टॉवेल एवढंच सामान होतं. टॉवेल गेम गुंडाळायला घेतला होता. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "पावणं, यात्रेला का?" मी नाही म्हणालो. जुना व्हिडिओ गेम आणायला खोडदला चाललोय, हे सांगायला संकोच वाटला.

टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट खोचून खेळायचे ते गेम आता कुणी खेळत नाही. मी ते गोळा करतो. बार्शीकडच्या आमच्या गावात गुरांच्या डॉक्टरांकडे असा एक गेम होता. आम्ही खिडकीबाहेर उभं राहून बघायचो. खिडकीतून पडदा अर्धाच दिसायचा, आणि पडद्यावरची माणसं पलीकडच्या अर्ध्या भागात गेली की त्यांचं काय होतं ते मला कळायचं नाही. पुढे कॉलेजसाठी पुण्यात आलो. आमच्या घरात बारावीपुढे गेलेला मी पहिलाच. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि जुन्या बाजारात बंद पडलेले गेम दिसले की घेऊन दुरुस्त करू लागलो. अभ्यासाचा भाग आहे असं वडिलांना सांगितलं होतं. ते अगदी खोटंही नव्हतं.

सुनीलभाऊ मला त्याच बाजारात भेटले. तिशीचा माणूस. पुढे फडक्यावर काही कॅसेटी मांडलेल्या, पण कुणी उचलली की चेहरा असा व्हायचा जणू ती चोरीला चाललीय. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमध्ये ते वर्षानुवर्षं गेमचा तंबू लावायचे. बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या की पोरं तंबूत येत. त्या तंबूचा एक नियम होता. कुणाला एकट्याला खेळू द्यायचं नाही. जोडीदार नसला तर दुसरा रिमोट सुनीलभाऊ स्वतः हातात घ्यायचे.

"एकटा गडी लवकर मरतो," ते म्हणाले होते. "मग त्याला वाटतं, आपल्याला येत न्हाई. परत येतच न्हाई तो."

तंबूतलं शेवटचं मशीन त्यांनी घरी ठेवलं होतं. तशा बनावटीचं मशीन मी कुठेच पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ये. न्यायचं तर ने. पर आधी एक डाव माज्यासंगं." मी येतो म्हणालो. फोन नंबर मागायचं धाडस झालं नाही.

मंचरला मी मुद्दाम उतरलो. तिथं पूर्वी गेमचं दुकान होतं असं सुनीलभाऊंकडूनच कळलं होतं. दुकान सापडलं. आत बटाट्याच्या गोण्या थप्पीला लावलेल्या होत्या आणि मालक त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसले होते. भिंतीवर टीव्हींच्या जागी चौकोनी फिकट डाग राहिले होते.

"सगळं भंगारात दिलं, राव," ते म्हणाले. "पोरांना आता मोबाइलमधला साप लागतो. तुमी कुठून आला ह्यासाठी?"

"पुण्याहून. खोडदला सुनीलभाऊंकडे चाललोय."

"घरी सांगून आलाय ना?"

मी हसलो, ते हसले नाहीत. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक रिमोट काढला. त्याची वायर त्याच्याभोवतीच गुंडाळलेली होती. "ह्याचा जोडीदार गेला. हा तेवढा राहिलाय. सुनीलच्या मशीनला लागंल. त्याला म्हणावं, मंचरवाल्यानं आठवण काढली."

नारायणगावहून पुढे वडापनं (माणसं कोंबून नेणारी जीप) निघालो. दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या काठ्या उभ्या, मधूनच द्राक्षाचे मांडव. एका वळणावर उसाच्या वर लोखंडी जाळीची प्रचंड तबकडी दिसली, मग तिच्यामागे आणखी एक. शेजारच्या म्हाताऱ्यांनी न विचारताच सांगितलं, "दुर्बीण हाय. डोळ्यानं न्हाई बघत, आभाळातलं ऐकती." तबकडीच्या खालच्या वावरात (शेतात) एक बाई खुरपत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

ड्रायव्हरनं विचारलं, "खोडदला कुणाकडं?"

"सुनीलभाऊंकडे. व्हिडिओ गेमवाले."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मग नदीवरच सोडतो. समदी तितंच हायेत, दशक्रियेला."

मला वाटलं, त्यांच्या घरातलं कुणी वृद्ध वारलं असेल. अशा दिवशी गेम मागायला जाणं बरं दिसणार नाही, निदान भेटून तरी परत जाऊ, असं ठरवत मी घाटावर उतरलो. खूप माणसं होती. कर्ण्यावरून प्रवचन चाललं होतं. कडेला उभ्या असलेल्या एका टोपीवाल्यांना मी हळूच विचारलं, "सुनीलभाऊ कुठं आहेत?"

त्यांनी बोट दाखवलं. "त्यो काय."

बोटाच्या रेषेत एक खुर्ची होती. खुर्चीवर हार घातलेला फोटो. फोटोत सुनीलभाऊ डोळे बारीक करून हसत होते आणि मागे तंबूच्या कापडाचे पट्टे दिसत होते. दुसरा फोटो नसावा.

"नाशिक हायवेला," टोपीवाले म्हणाले. "मोटरसायकल. ट्रकवाला थांबला पण न्हाई. तुमाला ठावं नव्हतं?"

मी मान हलवली. पिशवी पाठीमागे धरली.

प्रवचन संपल्यावर एका पुढाऱ्यानं श्रद्धांजली वाहिली. बोलताना त्यांनी सुनीलभाऊंचं नाव हातातल्या चिठ्ठीत पाहून घेतलं. मग पिंड ठेवला, आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहू लागले.

समोरच्या बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना. धाकटा भाऊ दत्ता, मुंडण केलेला, ओल्या अंगानं हात जोडून उभा होता. "दादा, आईला मी बघतो," तो म्हणाला. सगळे थांबले. "घराचं प्लास्टर पुरं करतो." पुन्हा थांबले.

"लगीन राहिलं त्याचं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"ते आता कसं पुरं करणार, सांग की," दुसरा म्हणाला. तिसरा हसायला लागला आणि खोकून थांबला.

कुणी चहाचा कप आणून ठेवला, कुणी तंबाखूची पुडी. ऊन चढत होतं. मग बायकांच्या घोळक्यातून सुनीलभाऊंची आई पुढे आली. आवाज अगदी कोरडा होता. "त्याचं मशीन आणा. दत्ता ते भंगारवाल्याला देणार व्हता. त्यातच त्याचा जीव आडकलाय."

दत्तानं मान खाली घातली. मोटरसायकलवरून कुणीतरी घरी गेलं आणि मशीन घेऊन आलं. ज्यासाठी मी पुण्याहून आलो होतो तेच ते. करड्या रंगाचं, कोपरे झिजलेलं, वरच्या खाचेत काळी कॅसेट खोचलेली. ते पिंडाशेजारी ओल्या दगडावर ठेवलं. दत्ता म्हणाला, "देत न्हाई भंगारात, दादा." मग एकेक नातेवाईक पुढे येऊन पिंडावर तीळ-पाणी सोडू लागला. पिंड आणि मशीन इतकी जवळ होती की प्रत्येक ओंजळीतलं अर्धं पाणी मशीनवर पडत होतं. काहींनी तर मुद्दामच त्याच्यावर सोडलं. त्यांच्या मायेत खोट नव्हती. कॅसेटच्या कडेनं पाणी आत उतरताना मला दिसत होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला ओलं होऊ देऊ नका."

टोपीवाले माझ्याकडे वळले. "पावणं, त्याला आता काय वलं अन् काय कोरडं."

ते सुनीलभाऊंबद्दल बोलत होते. मी मशीनबद्दल.

पण आईनं ऐकलं होतं. "तू पुण्याचा का? गेमवाला?" मी हो म्हणालो. ती नवऱ्याकडे वळली. "अवो, ह्योच तो. रविवारी येणार म्हणून सुनील सांगत व्हता. पलंगाखालून मशीन काढून पुसून ठेवलं व्हतं त्यानं." मग मला म्हणाली, "तूच सांग त्याला. तुजीच वाट बघतोय तो. पाणी सोड अन् सांग, मी सांभाळतो म्हणून."

वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, त्यांनी माझा दंड धरून मला पुढे नेलं. तिळाच्या पाण्याचा तांब्या कुणीतरी माझ्यापुढे केला.

इथे मला थोडं सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा माझ्या आजोबांनी घेतली, वडिलांनी घेतली, मीही घेतलीय. ती घेताना मला वाटलं होतं, ही पाळणं सगळ्यांत सोपी आहे. आपल्याला कोण पिंडापाशी बोलावणार?

मी म्हणालो, "मी बोलतो. पण पाणी सोडणार नाही."

"का बरं?" तांब्यावाल्यानं विचारलं. "कुठलं तुमी? आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं, कारण अर्धवट सांगून तिथं उभं राहणं मला जमलं नसतं. कर्ण्याची खरखर तेवढी ऐकू येत होती. मागून खांद्यावर टॉवेल टाकलेला एक जण म्हणाला, "मग झालंच. आता कावळा कशाला यील?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझा दंड त्यांनी सोडला नव्हता. "माज्या पोराचा पावणा हाय तो," ते म्हणाले. "बोल, बाबा."

मला भाषणं येत नाहीत. मी पिंडाकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं. म्हणालो, "सुनीलभाऊ, उशीर झाला. मशीन मी नेतो. पण डाव दोघांचाच लावीन. एकट्याचा लावणार नाही. दुसरा रिमोट तुमचाच."

घोळक्यात कुणीतरी तोंड दाबून रडलं. "माज्यासंगं पण खेळायचा रं," टोपीवाले पुटपुटले.

आम्ही सगळे मागे सरकलो आणि वर पाहू लागलो. पलीकडे उसावरून दिसणाऱ्या तबकड्याही आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. बाभळीवरचे कावळे एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेले. बराच वेळ गेला. मी त्या गोष्टी मानत नाही, तरी एक तरी खाली यावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. टॉवेलवाला माझ्याजवळून जाताना नुसता खाकरला. आई जागेवरून हलली नव्हती. ती बाभळीकडेच बघत होती.

चहा आला. सगळ्यांना प्लास्टिकचेच कप होते, त्यामुळे मला काही कळलं नाही.

निघताना तात्यांनी मशीन खताच्या पोत्यात घालून दिलं. मी पैशांचं विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. रस्त्यापर्यंत ते सोबत आले. वाटेत म्हणाले, "आमी कधी त्याच्याजवळ बसून खेळलो न्हाई. मला वाटायचं, टवाळकी हाय." रस्ता आल्यावर म्हणाले, "चालू झालं तर चालव. न्हाई झालं तर आमाला कळवू नको. तिला न्हाई सोसायचं."

पाणी गेलेलं त्यांनीही पाहिलं होतं तर.

परतीच्या एसटीत पोतं मांडीवर घेतलं. मंचरला दहा मिनिटं गाडी थांबली. बटाट्याच्या दुकानात जाऊन सांगायला हवं होतं, पण मी जागेवरून उठलो नाही.

खोलीवर आल्यावर मशीन उघडलं. खाचेत काळे तीळ अडकले होते. टाचणीनं एकेक काढले. सगळं पंख्याखाली वाळवलं, गच्चीवर उन्हात ठेवलं, तारांचे सांधे सोल्डरनं पुन्हा डागले. मला येतं तेवढं सगळं केलं. मशीन सुरू झालं नाही. कॅसेट मात्र वाळली. ती माझ्या जुन्या मशीनमध्ये खोचली तर पडदा थरथरला आणि चित्र आलं. विटांच्या भिंती आणि दोन रणगाडे. मंचरचा रिमोट दुसऱ्या खोबणीत बसला.

प्रवासाला जाताना माणूस काहीतरी बघायला जातो. मी तिथं एक वस्तू बघायला गेलो होतो आणि एका माणसाकडे उशिरा पोचलो. तो कावळा कशामुळे आला नाही, याचं उत्तर त्या घाटावरच्या काही लोकांकडे आहे. माझ्याकडे नाही. मी शब्द दिला तो पिंडाला नव्हता, एवढं मला ठाऊक आहे.

आता संध्याकाळी मेसवरून आलो की मी कधी कधी कॅसेट लावतो. 'दोन खेळाडू' निवडतो. दुसरा रिमोट शेजारच्या सतरंजीवर ठेवतो. सुनीलभाऊंचा रणगाडा सुरुवातीच्या जागी उभा राहतो, हलत नाही, गोळी झाडत नाही. शत्रूचे रणगाडे वरून उतरू लागतात. पुढे जाऊन लढायचं सोडून मी माझा रणगाडा सुनीलभाऊंच्या पुढे आडवा घालतो. सगळ्या बाजू राखता येत नाहीत. कुठून तरी एक गोळी सुटते आणि ते जातात. त्यांचे जीव संपले की मग माझा एकटा रणगाडा उरतो, आणि सुनीलभाऊ म्हणाले होते तसा तो लवकर मरतो.

मग मी पुन्हा 'दोन खेळाडू' निवडतो.